जुन्या दप्तराचें स्थलांतर

हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, शिरड शहापूर नांवाचें गांव आहे. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळें दूरदूरच्या यात्रेकरूंना तें ठाऊक आहे. एरवीं तें काळ्या जमिनीचें, कापूस, सोयाबीन आणि हळद पिकविणारें, मराठवाड्यांतील इतर शेंकडों गांवांसारखेंच एक गांव. या गांवानें गेल्या पाऊणशें वर्षांत आपली जागा तसूभरहि सोडलेली नाहीं. तरी पण सप्टेंबर १९४८ पर्यंत तें निजामाच्या अंमलाखालीं होतें. पुढें आठ वर्षें हैदराबाद राज्यांत राहिलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आलें. आणि परभणी जिल्ह्यांतून निघून १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत मोडूं लागलें. गांव जागच्या जागीं, पण त्याचें दप्तर मात्र एकसारखें प्रवासांत, अशी ही स्थिति.

या प्रवासांत दप्तराची भाषा बदलली, लिपि बदलली, सन बदलला, मापें बदललीं, आणि तें लिहिणारा हातहि बदलला. उर्दूच्या जागीं मराठी आली, मोडीच्या जागीं बाळबोध आली, फसलीच्या जागीं इसवी सन आला, एकर-गुंठ्यांच्या जागीं हेक्टर-आर आले, पटवाऱ्याच्या जागीं तलाठी आला, आणि सरतेशेवटीं कागदाच्या जागीं संगणक आला. दर खेपेस जुन्या दप्तरांतला मजकूर नव्यांत उतरवावा लागला. उतरवितांना काय गळलें व काय वाढलें याचा हिशेब तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर तिष्ठत बसलेल्या माणसांना आजहि चुकता करावा लागत आहे. जुनें दप्तर एका व्यवस्थेंतून दुसऱ्या व्यवस्थेंत हलविण्यापूर्वीं त्याची तयारी कशी व्हावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल खरा. परंतु ज्याच्या नांवाची ओळ गळली त्याला तो रुक्ष वाटत नाहीं.

सातबारा हा शब्द शहरांतल्या घरांतहि आतां परका राहिलेला नाहीं. गांव नमुना सात म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे त्याचा लेख, आणि नमुना बारा म्हणजे तिच्यांत कोणतें पीक उभें आहे त्याची नोंद. पण या दोहोंपेक्षां मोलाची वही म्हणजे गांव नमुना सहा, अर्थात् फेरफार नोंदवही. आज काय आहे तें सातबारा सांगतो. तें तसें कां आहे, हें फेरफार सांगतो. खरेदी झाली, वांटणी झाली, खातेदार मयत झाला, कर्जाचा बोजा चढला अथवा उतरला, कीं फेरफाराला नवा क्रमांक पडतो. मग नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद तपासून ती प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच ती सातबाऱ्यावर कायम होते. हस्तलिखिताच्या काळांत कच्ची नोंद पेन्सिलीनें आणि प्रमाणित झालेली शाईनें, असा शिरस्ता होता. जुनें नांव मात्र कधीं खोडीत नसत. त्याला कंस घालीत, आणि नव्या नांवाशेजारीं फेरफाराचा क्रमांक वर्तुळांत लिहीत. कंसांतला मनुष्य हक्कांतून गेला, पण वाचतां येण्याजोगा राहिला. वर्तुळांतला आंकडा धरून मागें मागें गेलें, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे व कोणत्या कारणानें आली ती सारी सांखळी हातीं लागते. कंसाची ही रीत ज्यानें घालून दिली त्याला जमाबंदीचें खरें मर्म समजलें होतें, यांत संशय नाहीं.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना हीच अडचण गांठूं लागली, तेव्हां त्यांनींहि नेमका असाच फेरफार शोधून काढला. एखादा मोठा प्रोग्रॅम म्हणजे लाखों ओळींचा लेख. त्यावर शेंकडों हात वर्षानुवर्षें फिरतात. अमुक ओळ कोणी, केव्हां व कां बदलली याची नोंद राहिली नाहीं, तर चूक कोठें शिरली तें कोणासच सांगतां येत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं अशी पहिली नोंदवही बनविली. वॉल्टर टिची यांची आर.सी.एस. १९८२ च्या सुमारास आली. अॅम्स्टरडॅमच्या डिक ग्रून यांनीं १९८६ सालीं सी.व्ही.एस. प्रसिद्ध केली. सबव्हर्जनचें काम २००० सालीं सुरू झालें, आणि एप्रिल २००५ मध्यें लिनस टोरवाल्ड्स यांनीं गिट निर्माण केली. या सर्वांना मिळून व्हर्जन कंट्रोल म्हणतात. येथेंहि प्रत्येक बदलाला क्रमांक, करणाराचें नांव, तारीख आणि कारण. येथेंहि जुनी ओळ पुसली जात नाहीं, ती मागच्या आवृत्तींत जपून राहते.

पण वही कितीहि चांगली असली तरी ती जुनी होते, आणि मग तिच्यांतील सारा इतिहास नव्या वहींत नेण्याचा प्रसंग येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या जी.सी.सी. नांवाच्या विख्यात प्रोग्रॅमचें उदाहरण बोलकें आहे. त्याचा इतिहास आधीं सी.व्ही.एस. मध्यें होता, २००५ सालीं तो सबव्हर्जनमध्यें नेला, आणि जानेवारी २०२० मध्यें गिटमध्यें उतरविला. प्रत्यक्ष उतरविण्याला थोडेच दिवस लागले. तयारीला आणि वादविवादाला मात्र वर्षें लागलीं. या कामासाठीं एरिक रेमंड यांनीं लिहिलेलें जें साधन वापरलें, त्याचें नांवच 'रिपोसर्जन', म्हणजे दप्तराचा शस्त्रवैद्य, असें आहे. नांवांत थोडी फुशारकी असेल; पण जुनें दप्तर जसेंच्या तसें उचलून नव्या पेटींत ठेवतां येत नाहीं, त्याची चिरफाड करावी लागते, हें त्या नांवांत बरोबर उतरलें आहे.

तयारींतली पहिली गोष्ट अगदीं साधी आहे, आणि म्हणूनच बहुधा राहून जाते. जुन्या वहींत लिहिणें थांबविलें पाहिजे. एकीकडे नक्कल चालू आहे आणि दुसरीकडे मूळ वहींत नव्या नोंदी पडत आहेत, असें झालें कीं दोन वह्या दोन गोष्टी सांगूं लागतात आणि खरी कोणती हें ठरविणारा कोणी उरत नाहीं. प्रोग्रॅमवाले ठरलेल्या दिवशीं जुनी नोंदवही केवळ वाचण्यापुरती उघडी ठेवतात, तिची एक प्रत बाजूला काढतात, आणि सारी खटपट त्या प्रतीवर करतात. गांवच्या दप्तरांत हें इतकें सोपें नसतें. लोक मरावयाचे थांबत नाहींत आणि जमिनी विकल्या जावयाच्या थांबत नाहींत. तेथें प्रलंबित फेरफार आधीं निकालांत काढणें, आणि कोणत्या तारखेपर्यंतची नोंद जुन्यांत व कोणत्या तारखेपासूनची नव्यांत, हें निश्चित जाहीर करणें, एवढेंच करतां येतें.

त्यानंतरचें काम नांवांचें. प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदींत लेखकाच्या नांवाच्या जागीं दोनतीन अक्षरांची खूण असते. गिटला पूर्ण नांव आणि ई-मेलचा पत्ता लागतो. म्हणून कोणती खूण कोणत्या माणसाची, याची यादी अगोदर करावी लागते. वीस वर्षांपूर्वीं काम सोडून गेलेल्याची खूण कोणाची होती, हें सांगणारा एखादा जुना माणूस जवळ असला तर काम पांच मिनिटांचें, नाहीं तर तें होतच नाहीं. आतां मराठवाड्यांतला जुना सातबारा घ्या. त्यावर 'गणपती पि. रामजी' असें असतें, 'पि.' म्हणजे पिता. स्त्रियांच्या नांवांत 'भ्र.' येतें, म्हणजे भ्रतार. आडनांव पुष्कळदां नसतेंच, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो गणपती कोण हें पुरतें माहीत होतें. नव्या व्यवस्थेंत पहिलें नांव, मधलें नांव आणि आडनांव असे वेगळे रकाने आले. रकाना रिकामा राहूं नये म्हणून कोणी तरी कांहीं तरी भरलें. एकच शेतकरी एका शेतावर 'महेबूब' आणि दुसऱ्यावर 'महबूब' लिहिला गेला, तर संगणकाच्या लेखीं ते दोन खातेदार होतात, आणि त्याच्या दोन शेतांचीं दोन खातीं पडतात. माणसाची नजर जें आपोआप जुळवून घेते तें यंत्र जुळवीत नाहीं.

सनाचा घोळ तर याहून गमतीचा. निजामी राज्यांत फसली सन चालत असे व वर्ष ऑक्टोबरांत, आजूर महिन्यानें, सुरू होई. फसली सनांत ५९० मिळविले कीं इसवी सन निघतो, असें ढोबळ मानानें सांगतात. पण हें डिसेंबरअखेरपर्यंतच खरें. जानेवारी लागला कीं ५९१ मिळवावे लागतात. १३५८ फसलीचा आरंभ १९४८ च्या ऑक्टोबरांत होतो, आणि त्याच वर्षाचा उन्हाळा १९४९ चा असतो. ज्या कारकुनानें सरसकट ५९० मिळविले, त्याच्या वहींत खरेदी आणि तिच्या आधींचें गहाणखत यांचा क्रम उलटा लागला तर नवल नाहीं. प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदवह्यांतहि हेंच आढळतें: कोणाच्या तरी यंत्रांतलें घड्याळ चुकीचें होतें, म्हणून नंतरचा बदल आधींच्या तारखेनें लागला. सी.व्ही.एस. मध्यें आणखी एक खोड अशी, कीं तींत प्रत्येक फाइलीचा इतिहास निराळा राहतो. एकाच माणसानें एकाच कारणासाठीं पांच फाइलींत बदल केला तर पांच सुट्या नोंदी पडतात; आणि नव्या घरीं नेतांना नांव, कारण व वेळ जवळपास सारखीं पाहून त्या पांच नोंदी मिळून एक बदल असावा, असा तर्क करावा लागतो. तारखाच चुकलेल्या असल्या म्हणजे तो तर्कहि लंगडा पडतो. या बाबतींत गांवचा फेरफार सरस म्हटला पाहिजे. एका कुटुंबाची वांटणी पांच शेतांवर पसरली तरी तिला एकच क्रमांक पुरतो.

अक्षरांचें दुखणें मराठी वाचकाला वेगळें सांगावयास नको. संगणकावर मराठी येऊं लागली त्या काळांत निरनिराळ्या टंकांत अक्षरांचे आंकडे निरनिराळे असत. युनिकोड आल्यावर जुना मजकूर त्यांत उतरवितांना रफार इकडचा तिकडे, आणि ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढें, असे प्रकार झाले. गोष्टीच्या पुस्तकांत तें खपून जाईल. अधिकार अभिलेखांत खपत नाहीं.

मापांचेंहि तसेंच. ४० गुंठ्यांचा एकर, त्याचे ४०.४७ आर होतात. घाईनें एका गुंठ्याला एक आर धरला तर एकरामागें जवळजवळ अर्धा आर नाहींसा होतो. हा अर्धा आर म्हणजे ४७ चौरस मीटर. खेड्यांत एवढ्या जागेंत एक घर उभें राहतें. म्हणून तयारीच्या वेळीं प्रत्येक गटांतील सर्व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशीं, आणि गांवाची बेरीज आकारबंदाशीं ताडून पाहतात. हा ताळा आवश्यकच आहे. परंतु ताळा जमला म्हणजे दप्तर बरोबर झालें, ही समजूत मात्र फार महाग पडते. तें कसें, हें एका कल्पित उदाहरणावरून पाहूं.

समजा, आठ एकरांचें एक शेत आहे. दोन भाऊ, चार चार एकर. १९७२ च्या दुष्काळांत धाकटा वारला. मागें विधवा आणि दोन लहान मुली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तिघीहि वारस. तलाठ्यानें फेरफार घेतला, तो प्रमाणित झाला, मयताच्या नांवाला कंस पडला आणि खालीं तीन नांवें आलीं. येथवर सर्व यथास्थित झालें. सातबाऱ्याचा कागद पिकांच्या रकान्यांनीं भरून गेला कीं साधारण दहा वर्षांनीं तो नव्यानें लिहून काढीत. या पुनर्लेखनांत कंसांतलीं नांवें गाळून चालू नांवें तेवढीं उतरवावयाचीं असत. एखाद्या फाटक्या, शाई पसरलेल्या पानावर कंस कोठें मिटला तें लिहिणाराला कळलें नाहीं. त्यानें कंसांतल्या नांवाबरोबर खालचीं तीन नांवेंहि गाळलीं, आणि क्षेत्र अपुरें दिसूं नये म्हणून थोरल्या भावापुढें आठ एकर लिहिलें. बहिणींचें किंवा भावजयीचें नांव गळतें तें नेहमींच नजरचुकीनें गळतें, असें मानण्याइतकें भोळें कोणी नसावें. पण तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवूं. पुढें संगणकावर नोंदी भरणाऱ्यानें समोरचें शेवटचें हस्तलिखित प्रामाणिकपणें उतरविलें. बेरीज केली, आठास आठ. ताळा जमला.

आतां महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें अधिकार अभिलेखांतील नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. म्हणजे सिद्ध करण्याचें ओझें त्या मुलींवर आलें, आणि त्या तर लग्न होऊन दुसऱ्या गांवीं गेलेल्या. रस्त्यासाठीं जमीन घेतली जाऊन मोबदल्याची यादी लागेपर्यंत त्यांना कदाचित् याचा पत्ताहि लागणार नाहीं.

यास्तव दप्तर हलवितांना इतिहास मागें ठेवून फक्त आजची स्थिति पुढें न्यावी, हा जो सोपा मार्ग पुष्कळ जण सुचवितात, तो चुकीचा आहे. प्रोग्रॅमवाल्यांतहि असा पक्ष आहे. जुन्या कटकटी कशाला, शेवटची आवृत्ति घ्या आणि कोऱ्या पानावर सुरुवात करा, असें ते म्हणतात. लहान कामांत तें चालतेंहि. परंतु जेथें आजची ओळ कशाच्या आधारावर उभी आहे हा प्रश्न कोणी तरी, केव्हां तरी विचारणारच आहे, तेथें आधार सोडून नुसती ओळ उचलणें म्हणजे पावती फाडून टाकून रक्कम तेवढी पाठ करण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर घेण्याचें प्रचंड काम झालें, तेव्हां हे सर्व प्रश्न उभे राहिले. हस्तलिखित आणि संगणकांतील नोंद शब्दशः ताडून चुका दुरुस्त करण्यासाठीं 'एडिट मॉड्यूल' नांवाची सोय करण्यांत आली, आणि तेवढ्यानें भागेना म्हणून पुढें पुन्हा एकदां 'री-एडिट' करावें लागलें. दोनदां तपासावें लागलें यांत तलाठ्यांची नालस्ती नाहीं. उलट तपासणी खरोखरच झाली याची ती खूण आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला तो या खटाटोपानंतर. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार तहसीलदारास संहितेच्या १५५ व्या कलमानें आहे. मात्र तो चुकीपुरताच. हक्काचा वाद त्या कलमाखालीं निकालांत काढतां येत नाहीं, आणि काढूं नये.

या सर्व तपासणींत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी झाली, ती चावडी वाचनाची. २०१७ सालीं राज्यभर गांवोगांवीं संगणकांतले सातबारे मोठ्यानें वाचून दाखविण्याची मोहीम काढण्यांत आली. इतकें यंत्र राबवून शेवटीं पुन्हा माणसाच्या कानावर विश्वास टाकावा लागला, याचें शहरांतल्या वाचकाला हसूं येईल. पण यंत्राच्या ताळ्यांत न सांपडणारी चूक कानाला सांपडते. ज्या म्हातारीला अक्षर येत नाहीं, तीहि आपल्या नवऱ्याचें नांव ऐकूं आलें नाहीं तर उठून उभी राहते. त्यांतील उणेपणाहि उघड आहे. चावडीवर गांवांत राहणारीं माणसें येतात; परगांवीं नांदणाऱ्या लेकी येत नाहींत, आणि पुण्या-मुंबईस पोटामागें गेलेले भाऊहि येत नाहींत. त्यांच्यासाठीं फेरफाराची वहीच बोलली पाहिजे. म्हणून नुसतें शेवटचें पान न ताडतां, वर्तुळांतला प्रत्येक क्रमांक मागें नेऊन सांखळी कोठें तुटते तें पाहणें, हेंच खरें काम. आणि तेंच सर्वांत कंटाळवाणें असल्यामुळें सर्वांत कमी होतें.

ही सांखळी मराठवाड्यांत बहुधा १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जाते. हैदराबाद राज्यांत त्या सालीं शेतोशेतीं कोणाचा कब्जा आहे हें पाहून तें तयार झालें, आणि आजहि वादांत तेंच पायाचा दगड मानतात. त्याच्या मागें गेलें कीं उर्दू व मोडीचें अरण्य लागतें. तें अरण्य आतां निरुपयोगी झालें, असें पुष्कळांस वाटत होतें. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला मराठवाड्यांत निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्याचें काम मिळालें आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून तेच जुने बस्ते खालीं उतरले. मोडी वाचणारा कोण, उर्दू शिकस्ता वाचणारा कोण, अशी शोधाशोध सुरू झाली. तीन पिढ्यांमागें जो मजकूर सहज कोणीहि वाचला असता, त्याच्यासाठीं जाणकार बोलवावे लागले. दप्तर शाबूत होतें. तें वाचणारे मात्र राहिले नव्हते. प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदवह्यांवरहि हीच वेळ येते: फीत असते, ती वाचणारें यंत्र नसतें.

यावरून जुनी वही नवी झाल्यावरहि टाकूं नये, हें सांगावयास नकोच. प्रोग्रॅमवाले जुनी नोंदवही कुलूप लावून ठेवतात आणि नव्या नोंदींत तिचा जुना क्रमांकहि लिहून ठेवतात, म्हणजे जुना दाखला देणाऱ्याला नवा दाखला सांपडतो. गांवांच्या बाबतींत हें फार झालें पाहिजे होतें. सर्व्हे नंबर जाऊन जेथें गट नंबर आले, तेथें जुन्या-नव्याचा तक्ता ज्याच्या हातीं राहिला तो सुखी. ज्याच्या हातून गेला त्याला शेत दिसतें, पण त्याचा कागद सांपडत नाहीं.

त्या कल्पित दोन बहिणींचें पुढें काय होईल? त्यांनीं १९७२ च्या वारस फेरफाराची नक्कल मागावी. वही वाळवीनें खाल्ली नसेल तर ती मिळेल. तहसीलदार चुलतभावांना नोटीस काढील, दोन्ही पक्षांना ऐकेल, आणि प्रमाणित फेरफार असतांना नांवें केवळ पुनर्लेखनांत गळलीं असें दिसून आलें तर दुरुस्तीचा हुकूम देईल. विधवा आतां हयात नसेल, म्हणून तिच्या वारसाचा फेरफार निराळा घ्यावा लागेल. दुरुस्तीच्या हुकुमालाहि एक नवा क्रमांक पडेल. थोरल्या भावापुढें चुकून चढलेले आठ एकर मात्र पुसले जाणार नाहींत; त्यांना कंस पडेल, आणि शेजारच्या वर्तुळांत त्या दुरुस्तीचा आंकडा राहील.